अलेक्सी कोसिजिन आणि उसुरी नदीवरील तंटा

शेताच्या बांधावरून भाऊभाऊ कोर्टांत जातात, आणि हातभर जमिनीसाठीं दोन घरांतील बोलणें पिढ्यान्‌पिढ्या बंद पडतें, हें आपण पाहतों. राष्ट्रांची गोष्ट याहून फारशी निराळी नसते; भेद इतकाच कीं, घरांच्या भांडणांत डोकीं फुटतात आणि राष्ट्रांच्या भांडणांत गांवेंच्या गांवें बेचिराख होतात. इ. स. १९६९ सालीं सोव्हिएट रशिया व चीन या दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्यें असाच एक तंटा पेटला. दोन्ही राष्ट्रें कम्युनिस्ट मताचीं, दोघांचे गुरु मार्क्स व लेनिन, दोघांच्या निशाणाचा रंग तांबडा, आणि दोघांच्याही जवळ अणुबाँब! हा वणवा पसरण्यापूर्वीं आवरावा म्हणून ज्या थोड्या पुरुषांनीं आपला मान बाजूस ठेवून यत्न केला, त्यांत रशियाचे मुख्य प्रधान अलेक्सी निकोलायेविच कोसिजिन हे प्रमुख होत. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मननपूर्वक वाचण्याजोगें आहे.

कोसिजिन यांचा जन्म इ. स. १९०४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २१ तारखेस, रशियाची त्या वेळची राजधानी जें सेंट पीटर्सबर्ग शहर, तेथें एका कामगाराच्या घरीं झाला. मातृसुख त्यांच्या नशिबीं फार दिवस नव्हतें. लहानपणींच आई निवर्तली व वडिलांनींच मुलांचें संगोपन केलें. अलेक्सी दहा वर्षांचा असतांना पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेरा वर्षांचा असतांना राज्यक्रांति झाली, आणि इ. स. १९१९ सालीं, म्हणजे ज्या वयांत आपल्याकडील मुलें मॅट्रिकच्या वर्गाकडे डोळे लावून बसतात त्या पंधराव्या वर्षीं, तो लाल सैन्यांत दाखल झाला. यादवी युद्ध संपल्यावर त्यानें पुन्हा पाटी हातीं घेतली आणि सहकारी व्यापाराचें शिक्षण देणाऱ्या शाळेंत अभ्यास पुरा केला. नंतर कांहीं वर्षें तो सैबेरियांत होता. सहकारी संस्था उभारणें, शेतकऱ्यांचा माल गोळा करणें, त्यांना लागणाऱ्या जिनसा पोहोंचविणें, हें त्याचें काम. मालाची किंमत, वाटेचें अंतर आणि हिवाळ्याची कडकी यांचा हिशेब त्यास याच दिवसांत पक्का समजला. पुढें राज्यकारभार हातीं आल्यावरही ही हिशेबी दृष्टि त्यांनीं कधीं सोडली नाहीं.

इ. स. १९३० सालीं ते लेनिनग्राडला परत आले. सेंट पीटर्सबर्गचेंच तें नवें नांव. तेथील वस्त्रोद्योगाच्या विद्यालयांत शिकून इ. स. १९३५ सालीं ते पदवीधर झाले व एका कापडगिरणींत लहानशा जागेवर लागले. दोन वर्षांत ते एका सूतगिरणीचे व्यवस्थापक, तिसऱ्या वर्षीं लेनिनग्राड नगराचे मुख्याधिकारी, आणि इ. स. १९३९ सालीं साऱ्या देशाच्या वस्त्रोद्योगाचे मंत्री झाले. ही चढती कमान पाहून मन थक्क होतें. त्यांची कर्तबगारी मोठी होती यांत शंका नाहीं. परंतु चरित्रकारानें सत्य लपवूं नये. त्या वर्षांत स्टॅलिनच्या रोषास बळी पडून हजारो अधिकारी तुरुंगांत किंवा यमसदनास गेले, आणि त्यांच्या रिकाम्या जागांवर तरुण माणसें भराभर चढलीं. कोसिजिन हे त्यांपैकींच एक होते.

त्यांच्या गुणांची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धांत लागली. इ. स. १९४१ च्या जून महिन्यांत जर्मन फौजा रशियांत घुसल्या. शत्रूच्या हातीं कारखाने पडूं नयेत म्हणून पश्चिमेकडील पंधराशेंहून अधिक मोठे कारखाने उखडून, आगगाडीवर घालून, पूर्वेकडे उरल पर्वतापर्यंत व त्याच्याही पलीकडे नेण्यांत आले. या प्रचंड स्थलांतराची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींत कोसिजिन होते. पुढच्या वर्षाच्या आरंभीं त्यांना वेढ्यांत सांपडलेल्या लेनिनग्राडला पाठविण्यांत आलें. अन्नावांचून तेथें माणसें रस्त्यांत पडून मरत होतीं. शहराकडे जाणारी एकच वाट मोकळी उरली होती, आणि ती होती लाडोगा सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावरून! त्या बर्फावरून धान्य आंत आणावयाचें व दुबळ्या माणसांना बाहेर न्यावयाचें. त्या हिवाळ्यांत या मार्गानें पांच लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. युद्ध म्हणजे काय हें कोसिजिन यांनीं नकाशावर पाहिलें नव्हतें. स्वतःच्या जन्मगांवच्या रस्त्यांत पाहिलें होतें. पुढील कथा वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

युद्धानंतर लेनिनग्राडच्या अनेक पुढाऱ्यांवर पुन्हा स्टॅलिनची वक्रदृष्टि फिरली. कोसिजिन यांच्या जवळच्या सहकाऱ्यांना इ. स. १९५० सालीं देहान्त शासन झालें. ते स्वतः मात्र थोडक्यांत बचावले. मितभाषण हा त्यांचा स्वभावच होता. या अनुभवानें तो अधिकच दृढ झाला. इ. स. १९६४ च्या ऑक्टोबर महिन्यांत क्रुश्चेव्ह यांना अधिकारावरून दूर करण्यांत आलें. पक्षाचीं सूत्रें ब्रेझनेव्ह यांच्याकडे गेलीं व १५ तारखेस कोसिजिन मुख्य प्रधान झाले. दैवाचा योग असा कीं, दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे १६ ऑक्टोबर रोजीं, चीननें आपल्या पहिल्या अणुबाँबचा स्फोट घडवून आणला.

आतां या दोन शेजाऱ्यांच्या वैराचें मूळ थोडक्यांत पाहूं. सतराव्या शतकांत रशियन लोक सैबेरिया ओलांडून आमूर नदीपर्यंत आले, तेव्हां चीनच्या मांचू बादशहाशीं त्यांचा खटका उडाला. इ. स. १६८९ सालीं नेरचिन्स्क येथें तह होऊन सरहद्द ठरली. दोन्ही पक्षांस एकमेकांची भाषा येत नसल्यामुळें बादशहाच्या पदरीं असलेल्या दोन जेझुइट पाद्र्यांनीं दुभाष्याचें काम केलें, आणि तहाचा अधिकृत मसुदा लॅटिन भाषेंत लिहिला गेला. हा तह दीडशें वर्षांहून अधिक टिकला. पुढें चीनची सत्ता खिळखिळी झाली असतां, इ. स. १८५८ व १८६० सालच्या तहांनीं रशियानें आमूरच्या उत्तरेचा आणि उसुरी नदीच्या पूर्वेचा विस्तीर्ण मुलूख मिळविला. व्लादिवोस्तोक बंदर याच मुलुखांत आहे. हे तह आपल्या दुबळेपणाचा फायदा घेऊन लादलेले आहेत, ही चिनी लोकांच्या मनांतील सल कधीं गेली नाहीं. त्यांत नद्यांतील बेटांचा प्रश्न उपस्थित झाला. सरहद्द चीनच्या कांठालगत आहे, अर्थात् बेटें आमचीं, असें रशियाचें म्हणणें. तर नदीच्या मुख्य प्रवाहाचा मध्य हीच जगरहाटीप्रमाणें सरहद्द होय, असें चीनचें म्हणणें.

चीनमध्यें इ. स. १९४९ सालीं कम्युनिस्टांचें राज्य झालें व पुढच्याच वर्षीं दोन्ही राष्ट्रांनीं मैत्रीचा तह केला, तेव्हां हा जुना वाद मिटला असेंच जगास वाटलें. परंतु दहा वर्षांच्या आंतच खऱ्या मार्क्समताचा वारस कोण, यावरून दोघांचें फाटलें. इ. स. १९६० सालीं रशियानें आपले तज्ज्ञ चीनमधून परत बोलाविले. मैत्री आटली आणि मातीखालीं पुरलेला सीमातंटा पुन्हा वर आला.

अधिकारावर येतांच कोसिजिन यांनीं समेटाचा यत्न आरंभिला. इ. स. १९६५ च्या फेब्रुवारींत व्हिएटनामच्या प्रवासाच्या निमित्तानें ते पेकिंगला उतरले व माओ त्से-तुंग यांना भेटले. या दोन पक्षांतील वाद दहा हजार वर्षें चालेल, असें माओ म्हणत असत. कोसिजिन स्वतः दारीं आले म्हणून त्यांतून एक हजार वर्षें आपण कमी केलीं, असें माओ यांनींच पुढें थट्टेनें सांगितलें. याहून अधिक सवलत मिळाली नाहीं. कोसिजिन रित्या हातांनीं परतले.

दुसऱ्यांच्या भांडणांत मात्र त्यांना यश आलें, आणि तें भांडण आपल्याच देशाचें होतें. इ. स. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर त्यांनीं दोन्ही देशांच्या पुढाऱ्यांना ताश्कंद येथें पाचारण केलें. इ. स. १९६६ च्या जानेवारीच्या ४ तारखेपासून वाटाघाटी चालल्या. भारताचे पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्याबरोबर आपले यशवंतराव चव्हाण हे संरक्षणमंत्री या नात्यानें तेथें होते. शास्त्रीजी आणि अयुबखान यांचें बोलणें अडलें कीं, कोसिजिन एकाच्या निवासस्थानाहून दुसऱ्याच्या निवासस्थानीं जात, आणि तुटलेला धागा पुन्हा जोडीत. १० तारखेस करारावर सह्या झाल्या व त्याच रात्रीं, ११ तारीख लागल्यावर, शास्त्रीजींचें हृदयक्रिया बंद पडून देहावसान झालें. त्यांच्या शवपेटिकेस कोसिजिन व अयुबखान यांनीं खांदा दिला. काल-परवांपर्यंत युद्धांत गुंतलेल्या राष्ट्राचा अध्यक्ष शास्त्रीजींच्या अंत्ययात्रेंत खांदेकरी झाला, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें त्यांना तें विसरतां आलें नाहीं.

परंतु परक्याच्या घरचा दिवा लावणाऱ्याच्या स्वतःच्या घरीं अंधारच होता. इ. स. १९६७ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांच्या पत्नी क्लावदिया दीर्घ दुखण्यानें मरण पावल्या. पुढील वर्षाच्या ऑगस्टमध्यें रशियन फौजा चेकोस्लोव्हाकियांत शिरल्या. कोसिजिन हे त्या सरकारचे मुख्य प्रधान होते. या कृत्याच्या जबाबदारींतून त्यांना मोकळें करतां येत नाहीं. समाजवादी राष्ट्र वांकड्या वाटेनें जाऊं लागल्यास त्याच्या घरांत शिरण्याचा आपणांस अधिकार आहे, असा पवित्रा रशियानें घेतला. हें ऐकून चीनला वाटलें, आज प्रागची पाळी, उद्यां आपली.

उसुरी नदीच्या पात्रांत एक लहानसें निर्जन बेट आहे. रशियन त्यास दामान्स्की म्हणत. चिनी त्यास झेनबाओ म्हणतात. त्याचें क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटराहूनही किंचित् कमीच. हिवाळ्यांत नदी गोठली कीं, दोन्ही बाजूंचे पहारेकरी तेथें येत, एकमेकांना हुसकून लावण्यासाठीं धक्काबुक्की करीत, प्रसंगीं काठ्याही चालवीत. इ. स. १९६९ च्या मार्चच्या २ तारखेस काठ्यांच्या जागीं बंदुका आल्या. दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांच्या माऱ्यांत रशियाचे एकतीस लोक ठार झाले. १५ तारखेस पुन्हा मोठी चकमक उडाली. तींत रणगाडे आले, तोफा आल्या, आणि रशियन अग्निबाणांनीं चीनच्या कांठाची धूळधाण केली. या दोन चकमकींत रशियाचीं एकंदर अठ्ठावन्न माणसें कामास आलीं. चीनच्या बाजूचेही कित्येक सैनिक मेले. त्यांच्या आकड्याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत कधींच झालें नाहीं. एवढ्या मोठ्या दोन देशांपुढें तें बेट म्हणजे परातींतील एक तीळ. पण त्या तिळापायीं जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलें.

अशा वेळीं, २१ मार्च रोजीं, कोसिजिन यांनीं एक साधी गोष्ट केली. त्यांनीं टेलिफोन उचलला. मैत्रीच्या काळांत मॉस्को ते पेकिंग अशी एक खास तार जोडलेली होती. त्या तारेवरून माओ यांच्याशीं बोलावें, असा त्यांचा हेतु होता. परंतु पलीकडच्या चिनी टेलिफोन कारकुनानें त्यांना मतभ्रष्ट ठरवून अपमानकारक शब्द ऐकविले आणि फोन जोडून देण्याचें नाकारलें. चाऊ एन-लाय यांच्याशीं जोडून द्यावें, ही विनंतिही फेटाळली गेली. एका महासत्तेच्या मुख्य प्रधानास एका कारकुनानें असें धुडकावून लावावें, हा अपमान लहान नव्हता. जें सांगावयाचें तें वकिलातीमार्फत लेखी सांगावें, असें चिनी सरकारनें मागाहून कळविलें.

ज्याला आपल्या मानाचीच चिंता अधिक, तो येथें पाय आपटून उठला असता, आणि त्यास कोणी दोषही दिला नसता. मॉस्कोंत तसें म्हणणारे होतेही. उन्हाळ्यांत परिस्थिति चिघळत गेली. १३ ऑगस्ट रोजीं सिंकियांगच्या सरहद्दीवर पुन्हा चकमक झाली. चीनचे अणुकेंद्र एका तडाख्यांत उडवून द्यावे, असा विचार रशियांत चालला असल्याच्या वार्ता देशोदेशींच्या राजधान्यांत पसरल्या. पेकिंगमध्यें लोक जमिनीखालीं आसऱ्याचीं भुयारें खणूं लागले.

सप्टेंबरच्या २ तारखेस व्हिएटनामचे वृद्ध नेते हो ची मिन्ह वारले. अंत्यविधीसाठीं कोसिजिन हनोईस गेले. चाऊ एन-लाय यांची गांठ पडेल अशी आशा होती. पण चाऊ आधींच येऊन परत गेले होते. कोसिजिन यांनीं तेथील चिनी वकिलातीमार्फत भेटीची इच्छा कळविली. उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलें नाहीं. तेव्हां ते मायदेशीं निघाले. त्यांचें विमान ताजिकिस्तानांतील दुशांबे येथें पोहोंचल्यावर निरोप आला कीं, चाऊ भेटावयास तयार आहेत. आदल्या अपमानाची आठवण धरून आतां उशीर झाला असें सांगणें सोपें होतें. कोसिजिन यांनीं विमान मागें फिरविलें. इर्कुट्स्कमार्गें हजारो मैलांचा वळसा घेऊन ते ११ सप्टेंबर रोजीं पेकिंगला उतरले.

तेथेंही त्यांना शहरांत नेण्यांत आलें नाहीं. पाहुण्यास ओटीवरच बसवून बोळवावें, त्याप्रमाणें विमानतळावरील दालनांतच बैठक झाली. दोघे मुत्सद्दी तीन तासांहून अधिक वेळ बोलत होते. अखेरीस असें ठरलें कीं, सरहद्द आहे तशी राहूं द्यावी, शस्त्र उचलूं नये, वादग्रस्त जागीं समोरासमोर उभ्या असलेल्या तुकड्या दूर कराव्या, आणि वाटाघाटी सुरू कराव्या. राजदूत पुन्हा नेमावेत व व्यापार वाढवावा, असेंही बोलणें झालें. बेट कोणाचें, हा प्रश्न त्यांनीं सोडविला नाहीं. तो सुटेपर्यंत माणसें मरूं नयेत, एवढीच तजवीज केली.

या भेटीनें सर्व कांहीं सुरळीत झालें असें मात्र नाहीं. मॉस्कोंतील सहकाऱ्यांनीं कोसिजिन यांनीं मान्य केलेल्या सर्व गोष्टींवर शिक्कामोर्तब केलें नाहीं. चीनचा संशय इतका खोल होता कीं, ऑक्टोबरमध्यें तेथील कित्येक पुढाऱ्यांना राजधानीबाहेर हलविण्यांत आलें. तरीही २० ऑक्टोबर रोजीं पेकिंगमध्यें वाटाघाटींस प्रारंभ झाला, आणि पुढील वर्षीं दोन्ही देशांचे राजदूत आपापल्या जागीं रुजू झाले. वाटाघाटी वर्षानुवर्षें रेंगाळल्या. पण सरहद्दीवर १९६९ सारखी लढाई पुन्हा पेटली नाहीं.

कोसिजिन यांचें उत्तरायुष्य फारसें सुखाचें गेलें नाहीं. कारखान्यांच्या कारभारांत सुधारणा करण्याचा त्यांचा बेत पक्षांतील विरोधामुळें अर्ध्यावर राहिला. इ. स. १९७९ च्या मार्चमध्यें अफगाणिस्तानचे अध्यक्ष तराकी यांनीं रशियन फौज मागितली, तेव्हां ती देण्याचें कोसिजिन यांनीं नाकारलें. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस, त्यांची प्रकृति ढासळलेली असतांना, इतरांनीं फौज पाठविलीच. इ. स. १९८० च्या ऑक्टोबरमध्यें त्यांनीं अधिकारत्याग केला आणि डिसेंबरच्या १८ तारखेस त्यांचें निधन झालें. दुसऱ्या दिवशीं ब्रेझनेव्ह यांचा वाढदिवस असल्यानें ही वार्ता कांहीं काळ दाबून ठेवण्यांत आली. मॉस्कोंतील क्रेमलिनच्या भिंतींत त्यांचा रक्षाकलश ठेवला आहे.

ज्या तंट्यासाठीं त्यांनीं इतकी पायपीट केली, तो त्यांच्या डोळ्यांदेखत मिटला नाहीं. इ. स. १९८९ सालीं गोर्बाचेव्ह पेकिंगला गेले. १९९१ च्या मे महिन्यांत पूर्व सरहद्दीचा करार झाला, आणि नदीचा मुख्य प्रवाह हीच सीमा हें तत्त्व मान्य होऊन तें रक्तानें भिजलेलें बेट चीनकडे गेलें. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएट राज्यच लयास गेलें. तरी करार टिकला. इ. स. २००४ सालीं उरलेल्या बेटांविषयीं समझोता झाला व २००८ सालीं त्यांची प्रत्यक्ष वाटणी होऊन हा जुना दावा निकालांत निघाला. बंदुकांनीं जें ठरलें नाहीं, तें शेवटीं मेजावरच ठरलें. दामान्स्कीवर पडलेल्या तरुणांच्या आईबापांस मात्र त्या कराराचा काय उपयोग?

विद्यार्थिमित्रांनो, कोसिजिन हे कांहीं साधुपुरुष नव्हते. कठोर राजवटींत ते वाढले, तिच्या अपकृत्यांचे ते वाटेकरीही झाले. तरी त्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट आपण अवश्य उचलावी. समेटासाठीं पुढें केलेला हात झिडकारला गेला असतां, मान दुखावला म्हणून त्यांनीं तो कायमचा मागें घेतला नाहीं. दुसऱ्या वेळीं बोलावणें येतांच अर्ध्या वाटेवरून ते परत फिरले. आपणांमध्येंही अबोले होतात. शाळेंत होतात, घरांत होतात, भाऊबंदांत होतात. प्रथम कोणी बोलावें, या एकाच प्रश्नावर ते वर्षानुवर्षें टिकतात. ज्याच्या अंगीं खरें बळ आहे त्यास प्रथम बोलण्यांत कमीपणा वाटत नाहीं, एवढें जरी या चरित्रावरून आपण शिकलों, तरी तें वाचण्याचे श्रम सार्थकीं लागले असें होईल.